मावशीचे दोन फोटो परत द्या : गँगवॉरवर सिनेमे काढणाऱ्यांना खुलं पत्र

मुंबईच्या अंडरवर्ल्डवर सिनेमे आणि वेब सिरीज काढणारे सगळे दिग्दर्शक, लेखक, निर्माते यांना,

सप्रेम नमस्कार.

मी लालबागची. आता डोंबिवलीला राहते पण जन्म, शाळा, कॉलेज सगळं लालबागच्या चाळीतलं, दहा बाय बाराच्या खोलीतलं. आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून, माझी सख्खी मावशी राहायची, अजून राहते. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, गँगमध्ये होते. कुठल्या ते लिहीत नाही, त्याची गरज नाहीये. 1997 साली त्यांचं एन्काउंटर झालं. हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही, ऑफिसात कुणाला माहीत नाही, सासरी सुद्धा लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. आज लिहितेय कारण गेल्या महिन्यात जे झालं ते मला गिळवत नाहीये.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी एका प्रॉडक्शन कंपनीची दोन माणसं मावशीकडे आली, एक रिसर्च करणारी मुलगी आणि एक लेखक. म्हणाले या वेळी आम्हाला घरातल्या बायकांच्या बाजूने सांगायचंय, आजवर कुणी केलं नाही ते करायचंय. मावशी नको म्हणत होती. इतकी वर्षं तिने या विषयावर तोंड उघडलं नव्हतं, आमच्याशी सुद्धा नाही. मीच म्हटलं बोल गं, एकदा बोल, कुणीतरी विचारतंय. हे माझं मलाच आता खातंय. दोन दुपारी ती बोलली, मोबाईल समोर ठेवून, मध्ये मध्ये उठून गॅस बंद करून येत होती आणि परत बसत होती. दुसऱ्या दिवशी जाताना त्यांनी अल्बममधले दोन फोटो नेले, स्कॅन करून आठवड्याभरात परत देतो म्हणून. स्क्रिप्ट वाचायला देऊ असं पण म्हणाले होते.

गेल्या महिन्यात मी फोन केला. त्या मुलीने सांगितलं की ताई, वाइफचा ट्रॅक एडिटला निघाला, लांबी फार होत होती. तीन सीन राहिलेत : लग्न, एक भांडण आणि शेवटी प्रेताशेजारी रडणं. तिचा आवाज पडला होता, तिच्या हातात काही नसणार हे मला कळतं, तिच्यावर राग नाहीये. फोटोंचं विचारलं तर बघते म्हणाली, आणि त्यानंतर कंपनीतलं कुणी फोनच उचलत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांना कळेल. पण हे पत्र एकट्या त्यांना नाही, तुम्हा सगळ्यांना आहे, कारण तीन सीनचं हे माप तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट लिहून ठेवते. काका चांगले होते असं मी म्हणत नाहीये. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, काका तेव्हा वीस वर्षांचे, बदली कामगार म्हणून नुकते लागलेले आणि त्यांचे वडील त्याच खात्यात. संप कधी मिटलाच नाही. त्यानंतर आमच्या भागातली कितीतरी पोरं नाक्यावर आली आणि नाक्यावरून कुठे गेली हे सगळ्यांना माहितीये. पण सगळी पोरं गेली नाहीत, माझे बाबा गेले नाहीत, त्यांनी दादरला भाजी विकली. काका गेले. त्यांनी पैशासाठी माणूस मारला. त्यामुळे त्यांना हिरो करा असं सांगायला मी आलेली नाही, उलट तुम्हीच त्यांना हिरो करता आणि तिला भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी मागे टांगून ठेवता, माझं भांडण त्याच्याशी आहे.

पहिली तक्रार सोन्याची. तुमच्या सिनेमात गँगवाल्याची बायको म्हटली की अंगभर सोनं, भारी साड्या, नवीन फ्लॅट. 1999 च्या वास्तव सिनेमातला गँगवाला हिरो आईसमोर गळ्यातली सोन्याची साखळी दाखवतो तो सीन आख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. मावशीकडे सोनं आलं नाही असं नाही. आलं. पण ते कसं आलं आणि कसं गेलं हे तिने त्या दोघांना नीट बसून सांगितलं होतं. एका गणपतीत पाटल्या आल्या, दिवाळीच्या आत त्या सोनाराकडे गहाण, कारण जामिनासाठी वकील आगाऊ पैसे मागत होता. मग सुटल्या, मग परत गेल्या. एकदा पोलीस आले आणि रिकव्हरी म्हणून जे हाताला लागलं ते उचलून घेऊन गेले, त्यात तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, लग्नात घातलेली एक तोळ्याची माळ पण गेली. ती माळ आजीने खाणावळीत चपात्या लाटून केली होती, गिरणीत काम करणाऱ्या एकट्या गडीमाणसांना जेवू घालून. पावती कुठून आणणार? परत मिळाली नाही. मावशी सगळं सांगताना कुठेही रडली नाही, फक्त त्या माळेपाशी थांबली, आणि बोटांनी गळ्याशी चाचपत राहिली, जसं काही अजून तिथे आहे.

घर तर चपात्यांवरच चाललं शेवटी. काका आत असताना आणि काका गेल्यावर पण. रोजच्या दोनशे चपात्या, पहाटे चारला उठून. गँगकडून महिन्याचं पाकीट येतं, वर बसलेला माणूस घरच्यांची काळजी घेतो, हे तुमच्या सिनेमात असतं. चार महिने आलं पाकीट. मग आणून देणारा पोरगाच मेला आणि पाकीट बंद झालं.

दुसरी तक्रार, तिला माहीत होतं की नव्हतं. यात तुम्ही दोनच खोके केलेत. एक तर ती निरागस, तिला काही पत्ताच नाही. सत्या सिनेमातली विद्या तशी, शेजारचा मुलगा काय करतो ते तिला शेवटपर्यंत कळत नाही. नाहीतर ती सामील. आता सत्या मला आवडतो, खरंच आवडतो, आणि शेफाली शहाने केलेली प्यारी म्हात्रे बघून मावशी 1998 मध्ये पहिल्यांदा म्हणाली होती की ही खरी आहे, ही भांडते, ही नवऱ्याला बोलते, ही पोरांना शाळेत पाठवते. आणि विद्याने शेवटी दार न उघडणं पण मला मोठं वाटतं. गॉडफादरच्या शेवटी दार डॉनच्या बायकोच्या, के च्या तोंडावर बंद होतं, ती बाहेर राहते, आत पुरुषांचं चाललेलं असतं. इथे दार बाईने लावून घेतलंय. पण प्यारीचा नवरा भिकू मेल्यावर सिनेमा सत्याच्या मागे विसर्जनाच्या गर्दीत निघून जातो. प्यारीचं काय झालं? पोरं घेऊन ती कुठे गेली? मावशीने तेव्हा टीव्ही बंद करताना हेच विचारलं होतं आणि ते वर्ष काका गेल्यानंतरचं होतं.

मावशीला लेखकाने सरळ विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ती म्हणाली, "नव्हतं असं कसं म्हणू? फ्रिज आला तेव्हा बिल नव्हतं आलं." मग म्हणाली की मी विचारलं नाही, विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि मग त्याच घरात झोपायचं कसं. हे वाक्य मी ऐकलं आणि मला तिचा राग पण आला आणि माया पण आली, दोन्ही एकदम. त्या फ्रिजमधलं थंड पाणी मी पण प्यायलेय, आख्ख्या मजल्यात पहिला फ्रिज होता तो, आम्ही पोरं बर्फ मागायला जायचो. हे सगळं बाजूला ठेवून तुम्ही भांडणाचा सीन ठेवलात, त्यात म्हणे ती ताट फेकते. मावशीने आयुष्यात अन्न टाकलेलं नाही.

तिसरी तक्रार पोलिसांची, आणि ही लिहिताना माझा हात जरा थांबतोय. एन्काउंटर करणारा अधिकारी तुमचा दुसरा हिरो. तो येतो, पाठलाग करतो, गोळी घालतो. पण नवरा मिळत नाही म्हणून बायकोला उचलून ठाण्यात बसवतात, हे तुम्ही दाखवत नाही. कायदा काय सांगतो तर साक्षीसाठी बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलवायचं नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 160 होतं ते. मावशी दोन रात्री बाकड्यावर बसून होती, दोन वर्षांची मुलगी मांडीवर. कुणी मारलं नाही, कुणी हात लावला नाही, फक्त बसवून ठेवलं. मुलीला दूध पाहिजे म्हणून तिने एका हवालदाराला सांगितलं तर त्याने स्वतःच्या पैशाने आणून दिलं, हे पण तिने त्या दोघांना सांगितलं, त्याचं चांगलं पण सांगितलं. म्हणजे बघा, एवढ्या एका सीनमध्ये किती काय आहे, आणि त्याला ना गाणं लागतं ना गोळी.

आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागली.

काकांवरची खुनाची केस सेशन कोर्टात चालली होती, काळा घोड्याला. मी तेव्हा सातवी-आठवीत. सुट्टीत मावशी मला बरोबर न्यायची कारण मुलीला सांभाळायला कुणीतरी पाहिजे. सकाळी डबा करायची, बोंबलाची चटणी, भात, दोन चपात्या. तारखेला आणलेल्या आरोपीला डबा द्यायचा तर एस्कॉर्ट पार्टीतल्या कुणाच्या तरी पाया पडायला लागायचं, आणि दिलाच तर तो पोलीस आधी चपाती फाडून बघायचा, भातात चमचा फिरवायचा. मावशी चपात्या मुद्दाम पातळ लाटायची, म्हणजे फाडायला लागू नयेत, उजेडात धरल्या तरी कळावं आत काही नाही. आर्थर रोड जेलमधल्या मुलाखतीपेक्षा हे बरं म्हणायची. तिथे जाळीच्या अलीकडे पंचवीस बायका आणि पलीकडे पंचवीस पुरुष एकदम ओरडतायत, कोण काय बोलतंय काही कळायचं नाही.

तर त्या कॉरिडॉरमध्ये एक बाकडं होतं. त्यावर एक बाई बसलेली असायची, मुलाला घेऊन. ज्याचा खून झाला त्याची बायको. मावशीला माहीत होतं, तिला मावशी कोण ते माहीत नव्हतं. जागा नव्हती म्हणून एका तारखेला मावशी तिच्या शेजारी टेकली. दुपार झाली, साक्ष पुढे ढकलली, कुणी उठेना. त्या बाईचा मुलगा, असेल चार-पाच वर्षांचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आणि झोपेत त्याने पाय लांब केले ते मावशीच्या मांडीवर. मावशी हलली नाही. मी समोर भिंतीला टेकून उभी होते, मला दिसत होतं. तास-दीड तास ती तशीच बसली, काकांना घेऊन व्हॅन गेली, डबा तसाच पिशवीत राहिला, आणि ती उठली नाही कारण उठली असती तर पोरगा जागा झाला असता. जाताना ती बाई म्हणाली, "ताई, त्रास झाला तुम्हाला." मावशी काहीच बोलली नाही. बसमध्ये पण नाही. घरी येऊन डबा धुतला.

हे तिने त्या दोघांना सांगितलं. लेखकाच्या डोळ्यात पाणी आलं होतं, मी स्वतः बघितलंय, तो म्हणाला मावशी हाच आमचा सिनेमा आहे. मग तो गेला कुठे? लांबी जास्त झाली म्हणून नेमकं हेच निघतं आणि बंदुका साफ करायचा सीन राहतो, हे कोण ठरवतं? आणि त्या दुसऱ्या बाईचं काय? तुमच्या सिनेमात गोळी लागून जो पडतो तो बहुतेक वेळा कुणाचाच कोणी नसतो, त्याचं घर नसतं, त्याच्या बायकोला एक सीन पण नसतो. मावशीला निदान तीन तरी मिळाले.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. बाईला मध्यभागी ठेवून पण सिनेमे आलेत. आलेत की. 1999 मध्ये गॉडमदर आला, 2017 च्या सप्टेंबरात हसीना पारकर आला, 2022 ला गंगूबाई आला. पण नीट बघा, बाई मध्यभागी कधी आली? जेव्हा तिचा स्वतःचा दरारा झाला, लोक तिच्यासमोर मान खाली घालायला लागले तेव्हा. जिने दरारा केला नाही, जिने फक्त चाळीस वर्षं निभावलं, तिच्यासाठी तुमच्याकडे कॅमेरा नाही. महेश मांजरेकरांचा 2010 चा लालबाग परळ त्यातल्या त्यात जवळ आला होता, जयंत पवारांच्या अधांतर नाटकावरचा, कारण त्यात गिरणी कामगाराचं घर आहे, पोरं हातातून सुटताना बघणारी आई आहे. आमच्या मजल्यावरच्या बायका तो बघून दोन दिवस गप्प होत्या.

आणि करता येतं हो. इटलीत केलंय. तिथे लेआ गारोफालो नावाची बाई, माफिया घरातली, 2002 मध्ये सरकारी वकिलांकडे जाऊन घरच्यांबद्दल सगळं बोलली. 2009 च्या नोव्हेंबरात मिलानमध्ये तिला मुलीच्या बापाने आणि त्याच्या माणसांनी मारलं. मग ती मुलगी स्वतःच्या बापाविरुद्ध कोर्टात उभी राहिली आणि त्याला जन्मठेप झाली. त्यावर 2015 मध्ये मार्को तुलिओ जोर्दाना यांनी सिनेमा काढला आणि सिनेमाचं नावच लेआ. बापाच्या नावाचा नाही, गँगच्या नावाचा नाही. मी सबटायटल लावून बघितला, एका रात्रीत, आणि सगळा वेळ मावशीची मुलगी डोळ्यासमोर. तिने काही साक्ष दिली नाही, ती आठ वर्षांची होती बाप गेला तेव्हा. त्या दिवशी पेपरवाल्याने आमच्या मजल्यावर पेपर टाकलाच नव्हता. पण शाळेत कुणीतरी आणला. नाव, पुढे ऊर्फ, आणि फोटो. तिने तेव्हापासून शाळेत बापाचं नाव सांगायचं सोडलं. आज ती नर्स आहे, दोन मुलं आहेत. तुमच्यापैकी कुणी काकांचं ते ऊर्फवालं नाव सिनेमात वापरलं तर तिच्या हॉस्पिटलमध्ये, तिच्या मुलांच्या शाळेत ते परत पोचेल, हा विचार कुणी केलाय का?

मागण्या लिहिते. फार नाहीत.

ज्या बाईकडे जाऊन तुम्ही तिचं आयुष्य रेकॉर्ड करता तिला त्या वेळेचे पैसे द्या. रिटायर झालेल्या पोलीस अधिकाऱ्याला सल्लागार म्हणून देता ना, मग हिला पण द्या, आणि कागद करून द्या. तोंडी आश्वासन नको. तिच्यावरून जे लिहाल ते शूटिंगच्या आधी तिला वाचून दाखवा, मराठीत, आणि ती नको म्हणाली तर तो भाग सोडा. तिचा भाग कापायचा ठरला तर तो निर्णय तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आम्ही मागे लागेपर्यंत थांबू नका.

खरी टोपणनावं, चाळींची नावं, पोरांची नावं वापरू नका. केस जुनी झाली म्हणजे घर संपलं असं नसतं.

ज्याला गोळी लागते त्याला घर द्या. एक सीन द्या, एक बाकडं द्या.

आणि बायकोला, आईला, बहिणीला काम करताना दाखवा, पैसे मोजताना, गहाण टाकताना, वकिलाशी भांडताना, खोटं बोलताना सुद्धा. तिला देवी करा असं मी म्हणत नाहीये, मावशी देवी नाही. तिने बिल न आलेला फ्रिज ठेवून घेतला होता.

शेवटची मागणी त्या एका कंपनीला. ते दोन फोटो. एक लग्नातला आहे, 1987 चा, तो नाही दिलात तरी चालेल असं मावशीच म्हणाली. दुसरा जिजामाता उद्यानातला, राणीच्या बागेतला, काका नाहीत त्यात, मावशी आहे, दोन-अडीच वर्षांची मुलगी आहे आणि मावशीच्या गळ्यात आजीची ती माळ आहे. माळेचा तेवढा एकच फोटो आहे. स्कॅन नको, मूळ फोटो पाहिजे. गणपतीच्या आत आणून द्या. पत्ता तुमच्याकडे आहे, दुपारी बारानंतर कधीही या, चपात्या झालेल्या असतात, ती घरीच असते.

आपली,
लालबागची एक भाची